करवंदाची निवड, साठवण आणि उपयोग

रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या दगडाच्या सड्यावर, जेथे माती वीतभरही खोल नाही आणि उन्हाळ्यात गवताची काडीही हिरवी राहत नाही, तेथे करवंदाची जाळी मात्र तग धरून असते. तिला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही, की तिची राखण करीत नाही. तरीही एप्रिलच्या अखेरीस ती काळ्याभोर फळांनी लगडते. आंबा, काजू, फणस आणि कोकम यांच्या धामधुमीत या फळाकडे लक्ष देण्यास शेतकऱ्यास सवड नसते. वाडीतील बायका व मुले पहाटे रानात जाऊन पाटीभर करवंदे काढतात, ती पानांच्या द्रोणांत भरून एसटी स्थानकाजवळ किंवा महामार्गाच्या कडेला विकतात, आणि सायंकाळी उरलेला माल मिळेल त्या भावाने देऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी तो मऊ पडतो व तिसऱ्या दिवशी आंबतो.

या नुकसानीचे मूळ फळाच्या नाजूकपणात आहे, तसेच ते हाताळण्याच्या रीतीतही आहे. हिरवे, लाल आणि काळे अशा तिन्ही अवस्थांतील फळ एकाच पाटीत पडते व एकाच भावाने विकले जाते. वस्तुतः या तीन अवस्था म्हणजे तीन निराळे माल होत. हिरवे फळ लोणच्याचे, लाल फळ जेलीचे आणि काळे फळ खाण्याचे व सरबताचे. फळ घरी आल्याबरोबर ही वर्गवारी केली, आणि ज्या त्या फळास त्याच दिवशी योग्य कामास लावले, तर फेकून देण्याजोगे फार थोडे उरते. प्रस्तुत लेखात हीच रीत क्रमाने दिली आहे.

फळाची ओळख

करवंदाचे शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास असे आहे. हे काटेरी सदाहरित झुडूप कण्हेरीच्या कुळातील असून त्याच्या सर्व भागांत पांढरा चीक असतो. पाने समोरासमोर, जाड व चकचकीत असतात. काटे बळकट व टोकदार असतात. फुले पांढरी, सुवासिक व झुबक्याने येतात. फळ प्रथम हिरवे, नंतर लालसर व शेवटी जांभळट काळे होते. आत लहान, चपट्या बिया असतात.

कण्हेरीच्या कुळात विषारी झाडेही आहेत, ही गोष्ट रानात जाणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावी. पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, हिचे फळही प्रथम हिरवे व पिकल्यावर काळे होते आणि तिलाही पांढरा चीक असतो; परंतु ते अत्यंत विषारी आहे व हृदयावर परिणाम करते. दोहोंतील भेद सोपा आहे. बिट्टीला काटे नसतात, तिची पाने अरुंद व लांब असतात, आणि फळात लहान बियांऐवजी एकच मोठी, कठीण व कोनदार आठळी असते. काटे नसलेल्या झाडावरील काळे फळ करवंद समजून कोणीही तोंडात घालू नये.

थंड हवेच्या प्रदेशात रासबेरीला जे स्थान आहे, तेच कोकणात करवंदाला देता येईल. आपल्याकडे रासबेरी महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी होते. दोन्ही फळे झुडपावरची, अल्प हंगामाची व नाजूक असून दोन्हींची जेली व सरबत उत्तम होते. महाबळेश्वराने आपल्या बेरीवर्गीय फळांना बाटलीत बंद करून वर्षभराची बाजारपेठ मिळवून दिली. करवंदाच्या बाबतीत कोकणात ते काम अजून बरेचसे व्हावयाचे आहे.

तोडणी

तोडणी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी करावी. उन्हात तापलेले फळ पाटीत आल्यावरही तापलेलेच राहते व लवकर खराब होते. फळ ओढून न काढता देठाजवळ किंचित पिळून काढावे. ओढल्यास साल फाटते, आणि त्या जागेतून रस गळून शेजारची फळेही चिकट होतात. जाळी झोडपून किंवा फांद्या कोयत्याने तोडून फळे काढण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे. तीत फळ जखमी होते आणि पुढील वर्षाची फांदीही नाहीशी होते.

जाळीच्या बुंध्याशी दगडांच्या फटीत फुरसे असण्याचा संभव असतो. रत्नागिरीच्या कातळावर या सापाचे वास्तव्य सर्वांस ठाऊक आहे. म्हणून पायांत जोडे घालावेत, हात घालण्यापूर्वी काठीने जाळी हलवावी आणि जमिनीवर पडलेली फळे हाताने चाचपू नयेत. सर्पदंश झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास तडक जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे.

तोडणीसाठी खोल डब्यापेक्षा पसरट पाटी किंवा रोवळी बरी. तिच्या तळाशी हिरवी पाने अंथरावीत व फळांचा थर चार बोटांपेक्षा अधिक उंच होऊ देऊ नये. वरच्या फळांच्या भाराने तळाची पिकलेली फळे दबतात, आणि सायंकाळच्या नासाडीचा आरंभ सकाळी पाटीच्या तळाशीच झालेला असतो.

निवड व वर्गवारी

घरी आल्यावर फळे सावलीत सुपात किंवा स्वच्छ कापडावर पसरावीत व त्यांचे चार वाटे करावेत.

पहिला वाटा हिरव्या, टणक फळांचा. फळ पूर्ण वाढलेले पण रंग न फिरलेले असावे. अगदी कोवळे फळ तुरट असते व त्यात चीकही अधिक असतो.

दुसरा वाटा लाल किंवा लालसर जांभळ्या फळांचा. ते दाबल्यास घट्ट लागते. जेली घट्ट करणारे पेक्टिन नावाचे द्रव्य अशा अर्धवट पिकलेल्या फळात भरपूर असते, आणि आंबटपणाही पुरेसा असतो. हे फळ दोन दिवस ठेवल्यास काळसर होते. तथापि झुडपावर पूर्ण पिकलेल्या फळाची सर त्यास येत नाही. म्हणून पिकण्याची वाट न पाहता ते जेलीसाठीच वापरावे.

तिसरा वाटा पूर्ण काळ्या, टपोऱ्या फळांचा. चांगल्या फळाची साल ताणलेली व तुकतुकीत असते. बोटाने हलकेच दाबल्यास ते किंचित दबते पण फुटत नाही. देठाजवळ ओलसरपणा, आंबूस वास किंवा साल सुरकुतलेली आढळल्यास ते फळ शिळे समजावे. बाजारात विकत घेताना द्रोणाचा तळ अवश्य पाहावा. पानाला खालून रस लागला असेल, तर वरची फळे कितीही चांगली दिसली तरी तळाची फुटलेली आहेत असे जाणावे.

चौथा वाटा फुटलेल्या, किडक्या व बुरशी धरलेल्या फळांचा. यांपैकी नुकतीच फुटलेली, परंतु वासाला ताजी असलेली फळे लगेच धुऊन सरबतासाठी घेता येतात. बाकीची खतात टाकावीत. बुरशीचे एक फळ पाटीत राहिले तर रात्रभरात ती आजूबाजूच्या फळांवर पसरते.

ताज्या फळांची साठवण

पिकलेली करवंदे नेहमीच्या हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नयेत. ठेवण्यापूर्वी ती धुऊ नयेत, कारण ओल राहिली की बुरशी धरते. धुणे हे खाण्याच्या किंवा शिजविण्याच्या वेळचे काम आहे. फळे पसरट भांड्यात एकेरी किंवा दुहेरी थरात, वारा लागेल अशा थंड जागी ठेवावीत. शीतकपाट असल्यास झाकण घट्ट न लावता ठेवलेल्या डब्यात ती आणखी काही दिवस चांगली राहतात. मात्र रोज पाहून खराब फळे काढावीत.

बर्फकप्प्याची सोय असेल तर फळे धुऊन पूर्ण कोरडी करावीत, ताटात एकेक सुटी पसरून गोठवावीत आणि मग पिशवीत भरावीत. एकदम पिशवीत भरून ठेवल्यास त्यांचा गोळा होतो. गोठविलेले फळ सुटल्यावर मऊ पडते, म्हणून ते तसेच खाण्यापेक्षा सरबतासाठी वापरावे.

हिरवी करवंदे पिकलेल्या फळांपेक्षा अधिक दिवस टिकतात, आणि मिठाच्या पाण्यात तर कित्येक महिने राहतात. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवावे. धुऊन कोरडी केलेली फळे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भरून ती पूर्ण बुडतील इतके हे पाणी ओतावे व वर स्वच्छ बशीचे दडपण ठेवावे. फळातील पाणी सुटून मिठाचे प्रमाण उतरते, म्हणून आठवड्याने लिटरमागे आणखी १०० ग्रॅम मीठ घालावे. वापरण्यापूर्वी फळे साध्या पाण्यात भिजवून खारटपणा कमी करावा.

भांड्यांविषयी दक्षता

करवंद अतिशय आंबट आहे. त्यामुळे कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ते शिजवू अथवा साठवू नये. धातू पदार्थात उतरतो. स्टेनलेस स्टीलची भांडी शिजविण्यास, आणि काच व चिनी माती साठविण्यास योग्य होत. कच्ची फळे चिरताना चीक हातास व सुरीस चिकटतो. त्यासाठी दोहोंस थोडे गोडे तेल लावावे आणि चिरलेली फळे मिठाच्या पाण्यात टाकीत जावे. अर्ध्या तासाने ते पाणी ओतून दिले म्हणजे चीक व तुरटपणा पुष्कळ कमी होतो.

हिरव्या करवंदांचे लोणचे

साहित्य: हिरवी करवंदे १ किलो, मीठ २०० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, मोहरीची डाळ ७५ ग्रॅम, तिखट ६० ग्रॅम, तळून कुटलेली मेथी १० ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम, गोडे तेल ३०० मिलिलिटर.

फळे धुऊन कापडाने कोरडी करावीत व उभी चिरून शक्य तेवढ्या बिया काढाव्यात. मीठ व हळद चोळून ती दोन दिवस बरणीत ठेवावीत आणि रोज दोनदा कोरड्या पळीने वरखाली करावीत. सुटलेले पाणी टाकून देऊ नये, कारण त्यातच मीठ व आंबटपणा उतरलेला असतो. नंतर मोहरी, तिखट व मेथी मिसळावी. तेल कडकडीत तापवून, त्यात हिंग घालून, पूर्ण गार झाल्यावर ओतावे. तेल फळांच्या वर बोटभर राहिले पाहिजे. कमी वाटल्यास आणखी तापवून गार केलेले तेल घालावे. बरणीस दादरा बांधावा. दोन-तीन आठवड्यांत लोणचे मुरते.

रोजच्या जेवणासाठी हिरव्या करवंदांची चटणी सोपी आहे. मूठभर बिया काढलेली करवंदे, ओले खोबरे, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ व चवीपुरता गूळ एकत्र वाटावा. ही चटणी त्याच दिवशी संपवावी. आमटीत आमसुलाऐवजी चार-सहा ठेचलेली हिरवी करवंदे घातल्यासही चांगला आंबटपणा येतो.

लाल करवंदांची जेली

लाल फळे दोन भाग व काळी फळे एक भाग घेतल्यास घट्टपणा व रंग दोन्ही साधतात. एक किलो फळे धुऊन, ठेचून त्यांत एक लिटर पाणी घालावे व मंद आचेवर २० ते २५ मिनिटे शिजवावीत. नंतर हा गर दुपदरी मलमलीत बांधून टांगावा आणि रस आपोआप गळू द्यावा. घाईने पिळल्यास गराचे कण उतरतात व जेली गढूळ होते. गळलेला रस दोन तास स्थिर ठेवून वरचा निवळ भाग घ्यावा.

एक किलो रसास साधारणपणे ७५० ग्रॅम साखर घ्यावी. साखर विरघळल्यावर मोठ्या आचेवर उकळावे व वर येणारा फेस झाऱ्याने काढावा. जेली झाली हे ओळखण्याची घरगुती खूण अशी: पळीत थोडे मिश्रण घेऊन किंचित गार करावे व पळी तिरकी करावी. थेंब सुटे पडले तर ती कच्ची आहे. मिश्रण पळीच्या कडेवरून एकत्र येऊन पापुद्र्यासारखे तुटून पडले तर ती तयार आहे. उष्णतामापक असल्यास रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी १०५ अंश सेल्सिअस ही खूण धरावी. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी पाणी कमी उष्णतेवर उकळते, म्हणून तेथे पाण्याच्या उत्कलनबिंदूहून पाच अंश अधिक असा हिशेब करावा.

तयार जेली गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या, कोमट बाटल्यांत भरावी. बाटल्या लाकडी फळीवर ठेवाव्यात. थंड फरशीवर त्या तडकतात. जेली बसेपर्यंत त्या हलवू नयेत. वरील प्रमाणात सुमारे सव्वा किलो जेली मिळते. ती बसली नाही तर बहुधा फळ फार पिकलेले होते किंवा साखर अधिक पडली. ती दगडासारखी झाली तर उकळी अधिक झाली, असे समजावे.

मलमलीत उरलेला गर फेकू नये. तो चाळणीतून घासून बिया वेगळ्या कराव्यात व गराइतकीच साखर घालून घट्ट होईपर्यंत आटवावा. मुलांच्या पोळीवर लावण्यास हा उत्तम जॅम होतो.

काळ्या करवंदांचे सरबत

पिकलेली फळे धुऊन हाताने कुस्करावीत. किलोमागे पाव लिटर पाणी घालून हात सोसणार नाही इतपत, म्हणजे सुमारे ७० अंशांपर्यंत, दहा मिनिटे गरम करावीत, उकळू नयेत. नंतर गाळून घ्यावीत. अशा एक किलो रसासाठी १ किलो ६०० ग्रॅम साखर, १ लिटर पाणी व २० ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्यावे. साखर, पाणी व आम्ल यांचा पाक एक उकळी आणून गाळावा आणि गार झाल्यावर त्यात रस मिसळावा. वर्षभर टिकविण्यासाठी २ ग्रॅम सोडियम बेंझोएट थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घालावे. लिंबाच्या व आंब्याच्या स्क्वॅशमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. ते येथे वापरू नये, कारण त्याने करवंदाचा सुंदर जांभळा रंग उडतो. पिण्याच्या वेळी एका भागास तीन भाग थंड पाणी व चिमूटभर मीठ घालावे.

टिकविण्याची द्रव्ये अंदाजाने घालू नयेत. ती नेहमी वजन करून व सांगितलेल्या मर्यादेतच घ्यावीत.

विक्रीसंबंधी

हे पदार्थ विक्रीसाठी करावयाचे असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यान्वये नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. बाटलीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व उत्पादकाचा पत्ता असणे आवश्यक आहे. एकट्याने हे सर्व करणे कठीण वाटल्यास वाडीतील बचत गटाने एकत्र येऊन करावे. एकीने फळ आणावे, दुसरीने निवडावे, तिसरीने शिजवावे, म्हणजे कोणाचाही माल सायंकाळी रस्त्यावर राहणार नाही. करवंदास दूरचीही मागणी आहे. बेकरीतील केकवर व विड्याच्या पानात दिसणारी लाल 'चेरी' ही पुष्कळदा साखरेत मुरवून रंगविलेले करवंदच असते, हे अनेकांस ठाऊक नसते.

जाळीचे रक्षण

फळाची कितीही उत्तम निगा राखली, तरी जाळीच नाहीशी झाली तर सर्व व्यर्थ होय. नवीन बाग लावण्यासाठी सडा साफ करताना करवंदाची जाळी प्रथम तोडली जाते, आणि उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यात फुलाफळांवर आलेली झुडपे होरपळतात. परंतु हीच जाळी बागेच्या कडेने राखली तर ती गुरांना अडविणारे जिवंत कुंपण होते, उतारावरची माती धरून ठेवते आणि वर उत्पन्नही देते. नवीन कुंपणासाठी टपोऱ्या, पूर्ण पिकलेल्या फळांतील बिया धुऊन लगेच रोपवाटिकेत पेराव्यात. या बिया फार दिवस ठेवल्यास उगवत नाहीत. मोठ्या फळांची लागवड करू इच्छिणाऱ्यांसाठी दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही जात निवडली आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे रोपांविषयी चौकशी करावी.

तोडणी करताना प्रत्येक जाळीवर काही फळे पाखरांसाठी राखावीत. रानात करवंदाचे बी पेरणारे तेच आहेत.

करवंदाचा हंगाम फार लहान असतो. वळवाच्या सरी आल्या की पिकलेली फळे फुटतात व गळतात, आणि मृगाबरोबर हंगाम संपतो. या थोड्या दिवसांत फळ कमी तोडले तरी चालेल. परंतु जेवढे तोडले तेवढे त्याच दिवशी निवडावे आणि मार्गी लावावे. हिरवे बरणीत, लाल पातेल्यात व काळे ताटात किंवा बाटलीत, एवढा नियम घरोघरी पाळला गेला, तर रानाने न मागता दिलेले हे धन कातळावरच्या कुटुंबास आणखी काही महिने पुरेल.